सहाव्या रिळातला फोन

८ जानेवारी

बाईसाहेब,

'प्रिय' लिहावं असं तू काही केलेलं नाहीस, आणि आशीर्वाद द्यायला मी काही तुझी आजी नाही. 'बाईसाहेब' बरं. सवयीचं आहे. पडद्यावर जन्मभर तुझ्यापुढे ट्रे धरून हेच म्हणत उभी राहिले. "बाईसाहेब, चहा आणू का?" आणि तू म्हणायचीस, "नको, मला जरा एकटीला राहू दे." दोन्ही वाक्यं मीच बोलायचे. तुझ्या तोंडून गोड, माझ्या तोंडून खरखरीत. माझा चहा मीच आणायचा आणि मीच नको म्हणायचा, असला धंदा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल.

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र मिळालं. भाषा काय गुळगुळीत! वाचताना जीभ घसरते. 'आदरणीय ताई' म्हणे. ही कोण मला ताई म्हणणारी? मला ताई म्हणणारी एकच होती, आणि तिनं तोंड बंद केल्याला आता जमाना झाला. तर सेक्रेटरीबाई कळवतात की तुझे यजमान वारल्यावर त्यांचे सगळे सिनेमे तुझ्या मालकीचे झाले. त्यातला तुझा शेवटचा सिनेमा धुऊनपुसून पुन्हा थिएटरात लावायचा आहे. पण सहाव्या रिळाचा आवाज ओलीनं कुजला, तेवढा नव्यानं भरायचा आहे. त्यासाठी 'आपल्या बहुमोल सहकार्याची अपेक्षा'.

यजमान! मी त्या माणसाला कधी नावानं हाक मारली नाही, मेल्यावर काय सुरुवात करू? माझ्यासाठी तो पांढरे बूट होता आणि पांढरे बूटच राहील. चिखलातसुद्धा पांढरे बूट घालून फिरायचा आणि पुसायला दुसऱ्यांना वाकायला लावायचा.

सहकार्य देईन. मला काय, चार वाक्यं बोलायची. पण माझी मागणी आहे, आणि ती सेक्रेटरीला नाही, तुला सांगते. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर, तुझ्या नावाच्या खाली, तेवढ्याच जाड अक्षरांत लिहायचं: 'आवाज', आणि पुढे माझं नाव. जितके सिनेमे केलेस त्या सगळ्यांत तू तोंड हलवलंस आणि मी बोलले. वर्तमानपत्रं 'मधाळ आवाजाची नायिका' म्हणून तुझे फोटो छापायची आणि तो मध गाळणारी बाई लोकांच्या लेखी मोलकरीण. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. माझं नाव कुठल्याही सिनेमात, कुठल्याही कोपऱ्यात, भिंगातून बघितलं तरी सापडणार नाही. लोक मेल्यावर पाट्या लावतात. मला माझी जिवंतपणी वाचायची आहे.

नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हण. मग आणा कुणी नवी पोरगी आणि बसवा तुझ्या तोंडात. मांजरीच्या तोंडून कोंबडी बोलल्यासारखं वाटेल.

मी काय करते, हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. कार्टूनमधला कावळा मी आहे. आणि आमच्या भागातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणते ती मीच. शेजारीण रोज माझ्या शेजारी उभी राहून माझा आवाज ऐकत चौथ्या मजल्यावर जाते आणि मला म्हणते, "लिफ्टमधली बाई किती शिकलेली वाटते नाही?"

तुझी,
चहा आणणारी

२२ जानेवारी

बाईसाहेब,

'मॅडमना आपल्या मागणीचा विचार करण्यास थोडा अवधी लागेल.' वा! विचार! कानामागून आली आणि तिखट झाली ती झालीच, आता विचारही करायला लागली.

विचार करतेच आहेस तर थोडं आठवूनही बघ. नाटक कंपनीत मी होते. रोज वेगळ्या गावात, वेगळ्या गादीवर, बिनाआरशाच्या खोलीत तोंड रंगवत होते. तुला मी आणलं. आई म्हणाली, ठकीला घेऊन जा, घरी एकटी बसून कंटाळते. ठकी, म्हणजे तू. लहानपणी बाहुलीसारखी दिसायचीस म्हणून पडलेलं नाव. नुसतं आणून बसवलं होतं विंगेत, कपडे घड्या करायला. आणि पांढरे बूट आले माझं काम बघायला. बघितलं माझं, नेलं तुला. माझ्या चेहऱ्याकडे बघून कॅमेरामन म्हणाला, "बाई, जरा मागे सरका." ती मी जन्मभर मागेच सरकत गेले. मोलकरीण, नर्स, नळावरची भांडकुदळ, 'डॉक्टर आले' असं ओरडत धावत येणारी. एकदा घरमालकिणीचं मोठं काम मिळालं होतं. त्यात शेवटी तुझ्या हातची थोबाडीत खाल्ली. तीही तू खरी मारलीस, खोटं मारायला अभिनय यावा लागतो.

आणि तू तोंड उघडलंस तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एवढं देखणं ध्यान, आणि आवाज? फुग्याला भोक पडल्यासारखा. चिरका, पातळ, घाबरट. पांढऱ्या बुटांनी कपाळाला हात लावला. मग मला बोलावणं आलं. "तुझ्या बहिणीचं तोंड आहे, तुझा आवाज लाव." नाकानं कांदे सोलणारा माणूस, पण कान होते त्याला, एवढं कबूल करते.

डबिंगच्या खोलीत तू कधी पाय ठेवला नाहीस, म्हणून सांगते तुझं बोलणं कसं तयार व्हायचं. सेटवर कॅमेरा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, त्यामुळे तिथे एक कच्चा आवाज तेवढा धरून ठेवायचे, नुसता अंदाजाला. मग आम्ही बंद खोलीत हेडफोन लावून तो कच्चा आवाज ऐकायचा, समोर पडद्यावर ओठ बघायचे, आणि वर पक्का आवाज चढवायचा. एरवी त्या कच्च्या आवाजात नटनट्यांची वाक्यं असतात. तुझ्यात काय असायचं? आकडे! नायिकेचा बाप मरतो तो सीन आठवतो? अख्खं थिएटर रुमालात नाक खुपसून रडलं. तू त्या बापाच्या छातीवर पडून म्हणत होतीस, "एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस." दोन ओळी पाठ होत नव्हत्या, म्हणून दिग्दर्शकानंच सांगून ठेवलं होतं, आकडे म्हण, डोळ्यांत पाणी आण, बाकीचं तुझी बहीण बघून घेईल. घेतलं मी बघून. 'बावीस'ला तुझे ओठ मिटले, तिथे 'बाबा' बसवलं. तुला बक्षीस मिळालं, त्याचा पितळी हंस तुमच्या दिवाणखान्यात होता म्हणे.

मला हंस नको. पाटी हवी.

तुझी,
बावीसची बाबा करणारी

६ फेब्रुवारी

बाईसाहेब,

अखेर तुझ्या हातचं पत्र आलं. मुहूर्त लागला! अक्षर अजून तसंच, उंदीर पळाल्यासारखं. मजकूर मात्र भरघोस, मोजून तीन ओळी. पुन्हा उतरवून काढते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला कळेल.

'नाव देईन, तुला हवं तसं. पण फोनचा सीन पुन्हा तूच बोल. तेच वाक्य, तसंच. एकदा जमलं तुला, पुन्हाही जमेल.'

ही कसली अट? सहाव्या रिळात आहेच काय तो फोनचा सीन सोडून? ते बोलायलाच तर मला बोलावलंस. आणि 'एकदा जमलं' म्हणजे काय? शेपटीवर पाय पडल्यासारखं कशाला लिहायचं? जमलं म्हणजे जमलंच. माझ्या उभ्या जन्मातलं सगळ्यात चपखल काम आहे ते, आणि कसं केलं तेही ऐकून घे. तुझ्या मेहेरबानीनं केलेलं नाही.

तुझं लग्न झालं आणि तू फोनवर यायची बंद झालीस. 'मॅडम झोपल्यात.' 'मॅडम शूटिंगला गेल्यात.' आई स्वेटर विणून बसली होती तुझ्यासाठी. शेवटी मीच घेऊन निघाले. फाटकावर वॉचमननं मला बघितलं आणि खूश होऊन हसला. "अहो, तुम्ही त्या सिनेमातल्या मोलकरीणबाई! कामवाल्यांचं दार मागच्या बाजूला आहे." मी म्हटलं, मी तिची थोरली बहीण आहे. तो आणखी हसला. त्याला वाटलं डायलॉग मारतेय. मी वर बघितलं. माडीवरच्या खिडकीत तू उभी होतीस. तू मला बघितलंस, मी तुला बघितलं. मी हातातला स्वेटर वर करून दाखवला. आणि पडदा ओढला गेला.

मागच्या दाराला मी गेले नाही. मला मान आहे. स्वेटर तिथेच फाटकावर टांगला आणि परत आले. आईला सांगितलं, ठकी भेटली, खूश आहे, स्वेटर अंगाला बरोबर बसला.

त्यानंतर हा सिनेमा सुरू झाला, आणि त्यातलं मोलकरणीचं काम दुसरीला दिल्याचं कळलं. मला नुसता आवाज. म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची सुद्धा सोय नको. मी काय दुधखुळी आहे? बहिणीला सेटवर आणू नका, असं तूच सांगितलं असणार. ठीक आहे म्हटलं. डबिंगला गेले त्या दिवशी आमच्या रेकॉर्डिस्टनं, आम्ही सगळे त्याला 'कान' म्हणायचो, हेडफोन पुढे केले. मी घेतले आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. म्हटलं, हिचे आकडे ऐकून ऐकून माझे कान किटले. मला नुसते ओठ पुरेत. कान म्हणाला, "बाई, लावून बघा तरी." मी म्हटलं, "तू ऐक, मी बघते."

आणि सगळा सिनेमा मी तसाच केला. नुसते ओठ बघून. आहे कुणाची छाती? फोनचा सीन आला. बागेतून, खिडकीच्या काचेतून घेतलेला. तू आत एकटी, रिसीव्हर कानाला, गालावरून पाणी. खिळ्यावरच्या हेडफोनातून तुझी कुणकुण चालू होती, डास गुणगुणल्यासारखी. मला ओठांवर लक्ष लागेना. मी कानला म्हटलं, "तो आवाज बंद कर रे, डास चावतोय." त्यानं बटण फिरवलं. खोली गप्प झाली आणि मी बोलले. "आई, मी बोलतेय. माझी काळजी करू नकोस गं. इथे मला काही कमी नाही. मी खूप सुखात आहे." आणि असंच पुढे, सीन संपेपर्यंत. एका दमात. ओठ मिटतात तिथे म, ओठ फाकतात तिथे ई. सुई ओवल्यासारखं. काचेपलीकडचा कान उठून उभा राहिला होता.

आई तो सिनेमा बघायला गेली. मी नेलं. फोनच्या सीनला ती पडद्याशी बोलायला लागली, "हो गं बाई, हो गं." मागच्या रांगेतले हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ऐकलंस ना? सुखात आहे म्हणते." म्हटलं, ऐकलं. मला माहीत होतं ते वाक्य कुणाच्या घशातून आलंय, पण म्हातारी तेवढ्यावर पुढची वर्षं काढत होती, तर मी कशाला मोडता घालू? ती गेली तेव्हा तुझी फुलं आली. केवढं मोठं चक्र! ड्रायव्हरनं दाराला टेकवलं आणि गाडीचा दरवाजा लावून घेतला. तू नव्हतीस गाडीत. मी बघितलं.

तर तुझी अट मंजूर. तेच वाक्य, तसंच. वय झालं म्हणून आवाज म्हातारा झाला असेल, असं मनात असेल तर विसर. कावळा करते तशी पंचविशीतली तूही करते.

पाटीचा नमुना पाठव. अक्षरांची जाडी बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

तुझी,
आवाज

१२ फेब्रुवारी

बाईसाहेब,

नमुना मिळाला. तुझ्या नावाखाली माझं नाव. जाडी बरोबर. मी पट्टी लावून बघितली, हस तू खुशाल. दिवसभर तो कागद टेबलावर होता. शेजारीण साखर मागायला आली तेव्हा तिला दिसेल असा ठेवला. ती म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?" गाढवापुढे वाचली गीता.

काल तालमीला जाऊन आले. स्टुडिओ कसला, दवाखाना. पांढऱ्या भिंती, बूट बाहेर काढा, हळू बोला. यंत्रावर एक चष्मेवाली बसते. मला म्हणाली, "मॅम, तुम्ही नुसतं मोकळेपणानं बोला, ओठांशी जुळवायचं काम मशीन करेल." मशीन! म्हटलं, बाळ, तुझ्या मशीनला सांग बाहेर जाऊन बस. पडदा लाव. लावला तिनं. मी एकदा बोलले आणि तिची खुर्ची मागे सरकली. काहीच जुळवायला उरलं नव्हतं. कोपऱ्यात आपला कान बसला होता. जुना सिनेमा म्हणून त्याला सल्लागार केलाय म्हणे. बिचाऱ्याला आता एका कानानं ऐकूच येत नाही. सल्ला काय देणार? तरी हसला. मी बोलल्यावर अंगठा दाखवला.

एकच गोष्ट तुला खटकली तर आधीच सांगून ठेवते, मग माझ्या नावानं बोंब नको. त्या चष्मेवालीला रिळांच्या डब्यांत सेटवरच्या कच्च्या आवाजाची टेप सापडली आहे. ओल लागली नाही तिला. फोनच्या सीनचीही आहे. ती म्हणते, "मॅम, परवा खरं रेकॉर्डिंग करू तेव्हा हेडफोनमध्ये देते, तुम्हाला मूळ लय मिळेल." मी म्हटलं, काही नको, आकडे आहेत त्यात, पाढे पाठ करायचे असले तर तूच ऐक. पण ती तसली चिकट आहे, हातात घेतलेलं सोडत नाही. म्हणाली, "पद्धत आहे मॅम, लावावेच लागतील." म्हटलं, लाव बाई. एवढा तमाशा चाललाय तर तोही होऊन जाऊ दे. मलाही ऐकू दे, सुखात असलेली बाई कुठल्या आकड्यावर रडते.

तुझी,
जाड अक्षरातली

१४ फेब्रुवारी

ठकी,

मी ऐकलं नव्हतं.

ऐकून न ऐकल्यासारखं केलं नव्हतं. ऐकलंच नव्हतं. आईची शपथ. आत्ता ह्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

१५ फेब्रुवारी

ठकी,

काल टपालात टाकलेला कागद आधी पोचेल, हा नंतर. दोन्ही वाच. फाडायचे तर वाचून फाड.

चष्मेवालीनं हेडफोन दिले आणि मी लावले. आधी नुसती घरघर. मग काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग तू. आकडे नव्हते. तुझा तो चिरका, पातळ आवाज, मी ज्याला जन्मभर हसले तो. तू म्हणत होतीस:

"ताई, मी बोलतेय. मला घेऊन जा गं इथून. हा मला खाली उतरू देत नाही, फोन उचलू देत नाही. त्या दिवशी पडदा मी ओढला नाही. आईला घेऊन रविवारी ये, तुम्ही दोघी आलात तर तो काही करणार नाही. मागचं दार स्वयंपाकीणबाई उघडं ठेवेल. ताई, येशील ना? मी वाट बघते."

मग कुणीतरी 'कट' म्हणालं आणि तू नाक ओढलंस.

मी हेडफोन काढले नाहीत. चष्मेवाली काचेपलीकडून खूण करत होती, सुरू करा. पडद्यावर तुझे ओठ हलत होते आणि मला त्यात 'सुखात' शोधून सापडेना. म्हणे सुई ओवल्यासारखं! काय ओवलं मी? तू म्हणत होतीस 'मला घेऊन जा' आणि मी त्यावर चढवलं 'माझी काळजी करू नकोस'. दोन्हींत ओठ 'म'लाच मिटतात. बस, तेवढं बघितलं. आम्ही ओठ बघणारी माणसं, कुठे उघडतात आणि कुठे मिटतात एवढंच बघतो. बाकी काही बघत नाही.

आता मला सगळं उलगडलं. तू एवढी मठ्ठ आहेस असं मी समजत होते, आणि तू कशी जागा शोधून काढलीस बघ! पांढरे बूट बागेत कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले. मध्ये काच. सेटवर तू काय बोलतेस इकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तू आकडेच म्हणतेस. टेबलावर माइक. आणि तुला पक्कं माहीत, ही टेप एकाच माणसाच्या कानात जाणार. तुझ्या ताईच्या. तू चिठ्ठी नाही लिहिलीस, नोकराच्या हातापाया नाही पडलीस. तू सरळ माझ्या कानात बोललीस. आणि माझे कान खिळ्याला टांगलेले होते. वर मी म्हटलं, डास चावतोय.

कान कोपऱ्यातून उठून आला. त्याला माझा चेहरा दिसला असणार. त्यालाही ऐकवलं, चांगल्या कानाला लावून. हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाला, "त्या दिवशी सुरुवात आली होती माझ्या कानावर. मला वाटलं डायलॉगच असेल. म्हटलं, आज हिला पाठ झालेला दिसतोय." मी त्याला काय बोलणार? मी तर तेवढंही ऐकलं नाही.

आणि तुझा रविवार. मी त्या रविवारी काय करत होते, आठवून बघते, आठवत नाही. कपडे धुतले असतील. तू खिडकीत असशील. मग सिनेमा लागला तेव्हा तुला हार घालून थिएटरात बसवलं असेल, शेजारी पांढरे बूट, आणि पडद्यावर तू मला हाक मारलीस आणि माझ्याच आवाजात उत्तर आलं, इथे मला काही कमी नाही. तुला वाटलं, हे ताईचं उत्तर. ताईनं ऐकलं, आणि वर ओठ शिवून टाकले. म्हणून तू नंतर कुठल्याच सिनेमात तोंड उघडलं नाहीस. मी आपली सगळीकडे सांगत फिरले, बंगला मिळाला, आता कशाला काम करेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तू खाल्लास, आणि तोंडावरचा हात माझा होता. हे मी पाटीवर जाड अक्षरांत मागत होते.

तुझी ती तीन ओळींची अट मला आत्ता कळली. 'एकदा जमलं तुला, पुन्हाही जमेल.' बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

आता कामाचं. तुझी अट मला पाळता येत नाही. ते वाक्य मी पुन्हा बोलणार नाही. चष्मेवालीला सांगितलंय, फोनच्या सीनला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मॅम, मग तिथे काय ठेवू?" म्हटलं, काही ठेवू नकोस, मालकीण सांगेल ते ठेव. तुझा स्वतःचा आवाज ठेवायचा असेल तर तो आहे, स्वच्छ आहे. तसाच मुका ठेवायचा असेल तर मुका ठेव. तू काय बोललीस ते जगाला ऐकवायचं की नाही, हे तू ठरव. एकदा तुझ्या वतीनं मी बोलले ते पुरे झालं. नाव अटीबरोबर गेलं, तर जाऊ दे. तो नमुन्याचा कागद शेजारणीला दिला. तिनं त्यावर हिशेब लिहिला.

आणि एक सांगते. तुझा आवाज चिरका नाही. घाबरलेला आहे. मी आयुष्यभर आवाजांचा धंदा केला आणि मला एवढा फरक कळला नाही.

मी रविवारी येते. दुपारी. आई नाही, त्यामुळे एकटीच. तू दार उघडावंस असं काही तुझ्यावर बंधन नाही. स्वेटर वगैरे काही आणणार नाही, मला विणता येत नाही, तुला माहीत आहे. तुमचा वॉचमन आता नवा असेल, पण टीव्हीवर जुने सिनेमे त्यानंही बघितले असतील. मोलकरीणबाई म्हणून त्यानं मागच्या दाराला पाठवलं तर मी मागच्या दारानं येईन. त्या दिवशीच गेले असते, तर आत तरी पोचले असते.

ताई